पूलवाल्या वीत्स्केने न पाहिलेला हात

आमच्या गावात खिडक्यांना पडदे असतात, पण ते ओढायचे नसतात. संध्याकाळी दिवे लागले की रस्त्याने जाणाऱ्याला प्रत्येक घरातलं जेवणाचं टेबल, त्यावरचा बटाट्यांचा वाडगा आणि नवरा-बायकोचं त्या दिवशीचं हवामान स्वच्छ दिसतं. लपवण्यासारखं काही नसेल तर पडदा कशाला, असं आमचे जुने पाद्री प्रवचनात सांगायचे. त्यांच्या घराचे पडदेही उघडेच असत. जिन दारूची बाटली ते पियानोच्या पोटात ठेवायचे, आणि तेही सगळ्यांना माहीत होतं.

मी जन्मभर या गावाचे केस कापले. माणसाने डोकं एकदा दुसऱ्याच्या हातात दिलं की त्याचं तोंड आपोआप सुटतं, त्याला मी काय करणार? आता दुकान बंद आहे, कात्र्या खणात आहेत, आणि मी कालव्याकाठच्या खिडकीत बसतो. खिडकीच्या चौकटीला बाहेरून लोखंडी दांडीवर एक छोटा आरसा आहे, आमच्या उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतातल्या जुन्या घरांना असतो तसा. खुर्चीतून न उठता पूल दिसतो, बेकरीचं दार दिसतं आणि कोण कुणाकडे किती वेळ थांबलं तेही दिसतं. मी टक लावून बघत नाही. आरसा बघतो, मी फक्त त्याच्यासमोर बसतो.

तर वीत्स्के. माझी शेजारीण. तिचा जन्म पुलावरचाच म्हणायचा. बाप कालव्यावरच्या उचलपुलाचा राखणदार, आणि त्याच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिने ते काम हातात घेतलं. होडी आली की घंटा वाजवायची, रस्त्यावरची फाटकं पाडायची, पूल वर घ्यायचा आणि मासेमारीच्या काठीला बांधलेला लाकडी बूट होडीवाल्यापुढे झुलवायचा. त्यात तो पुलाची पट्टी टाकणार. वीत्स्केचा बूट कधी कुणाच्या डोक्याला लागला नाही. ज्यांच्या लागला त्यांच्या तो लागायलाच हवा होता.

डाऊवे नावाचा एक वाळू वाहणारा गडी होता. त्याच्या होडीची डोलकाठी पाडता यायची. पाडली की होडी पुलाखालून सुळकन जाईल, एवढी ती बुटकी. पण हा पठ्ठ्या डोलकाठी उभी ठेवून यायचा आणि भोंगा वाजवायचा.

"काठी पाडता येत नाही का रे तुला?" वीत्स्के वरून विचारायची.

"येते की. पण मग तू खाली कशाला बघशील?"

सगळा रस्ता फाटकाशी खोळंबलेला, बेकरीवाल्याचे पाव गार होतायत, आणि यांचं हे चाललेलं. शेवटी गावानेच कंटाळून त्यांचं लग्न लावून दिलं असं मी म्हणतो. वीत्स्के म्हणते, शेजारीबुवा, तुम्ही एक सांगायचं तर तीन सांगता.

पुढे पुलांना कॅमेरे आले. राखणदार काढले, आणि जे नवं शिकायला तयार होते त्यांना शहरातल्या एका इमारतीत पडद्यांसमोर बसवलं. वीत्स्के शिकली. आता ती रोज बसने शहरात जायची आणि तिथे बसून आपल्याच दारातला पूल उचलायची. संध्याकाळी कुंपणापाशी मला म्हणायची, "आज लाल दिवा असताना सायकल दामटलीत तुम्ही. फाटक डोक्यात पडलं असतं."

"तू होतीस ना बघायला."

"मी होते म्हणून डोकं आहे."

हे मी मुद्दाम सांगतोय. बघणं हे तिच्या लेखी प्रेमाचंच काम होतं. फाटकाखाली कुणी अडकलंय का, पुलाच्या सांध्यात पोराची सायकल राहिलीय का, हे बघितल्याशिवाय तिने आयुष्यात कधी बटण दाबलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी जिल्दाऊ. डोळे बापाचे, हनुवटी आईची, आणि गप्प बसणं कुणाचं ते कळत नाही. ती प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना जानेवारीत कडक थंडी पडली. बर्फ धरलं की आमची माणसं वेडी होतात, कामं टाकून कालव्यावर घसरायला पळतात. डाऊवे मागच्या शेडमध्ये स्केटच्या पात्यांना धार लावत होता. दगडावर पातं घासल्याचा आवाज माझ्या घरापर्यंत येत होता. मग तो थांबला. थोड्या वेळाने पोरगी बापासाठी कॉफी घेऊन गेली, आणि कप फुटल्याचा आवाज मी ऐकला.

मी कुंपणावरून गेलो. डॉक्टर आले, वाकले, उठले. वीत्स्के शेडच्या दारात उभी होती, मी तिच्या मागे. डॉक्टर म्हणाले, "क्षणात गेलाय. शेजारी उभं राहून कुणी हात धरला असता तरी उपयोग नव्हता." हे त्यांचे शब्द. लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आमच्याकडे दुःख बोलून दाखवायची पद्धत नाही. आम्ही कॉफी ओततो. वीत्स्के आणि जिल्दाऊ मिळून चार-पाच वर्षं एकमेकींना कॉफी ओतत राहिल्या. पोरगी मोठी झाली, सोळाची झाली, खोलीत संगणकापुढे बसायला लागली. दार बंद. वीत्स्के दाराबाहेर उभी राहून कळफलकाची टकटक ऐकायची. "पाऊस पडल्यासारखं लिहिते," मला म्हणायची. "आणि माझ्याशी बोलायला थेंब नाही."

त्या शरदात शाळेत पालकांची सभा झाली. चकचकीत बुटांचा एक पाहुणा आला आणि त्याने पडद्यावर चित्रं दाखवून सगळ्यांना यथेच्छ घाबरवलं. तुमची मुलगी कुणाशी बोलते ठाऊक आहे? तो खरंच सोळा वर्षांचा आहे, की पन्नाशीचा, टकल्या? टकल्या म्हणताना तो माझ्याकडे का बघत होता कळलं नाही, मी तर बहिणीच्या नातवासाठी गेलो होतो. मग त्याने एका प्रोग्रॅमची माहिती दिली. मुलाच्या संगणकात नाहीतर फोनात गुपचूप बसतो आणि लिहिलेलं, आलेलं सगळं आईबापांच्या फोनवर पाठवतो. मुलाला पत्ता लागत नाही.

बाहेर सायकली सोडवताना मी म्हटलं, "वीत्स्के, असलं काही करू नकोस हं."

"आरसा लावून बसणाऱ्याने मला शिकवू नये."

"आरसा बाहेर आहे बाई. सगळ्यांना दिसतो."

"पुलाखालून काय जातंय ते न बघता पूल उचलतं का कुणी?" ती म्हणाली आणि पायडल मारलं.

त्याच आठवड्यात, जिल्दाऊ चेंडूच्या सरावाला गेलेली असताना, तिने तो प्रोग्रॅम बसवला.

हे आणि पुढचं बरंचसं मला वीत्स्केने स्वतः सांगितलं, पण सगळं होऊन गेल्यावर. इतरांच्या पोरांच्या फोनांत सिगारेटी निघाल्या, शिव्या निघाल्या, एकाच्या फोनात तर आमच्या पाद्रीबाईंचं फार सुरेख व्यंगचित्र निघालं. वीत्स्केला सापडला लीवेन. तो टकल्या नव्हता. दूर दक्षिणेला झीलंडमधला जिल्दाऊच्याच वयाचा मुलगा, आई आजारात गेलेली. दोघं एका खेळात भेटली होती, जिथे गाव वसवायचं असतं. गाव राहिलं बाजूला, आणि दोघं रोज एकमेकांना आपापलं मेलेलं माणूस सांगत बसली.

वीत्स्केने घाबरून वाचायला सुरुवात केली होती. आता भीती गेली आणि तिला वाचल्यावाचून राहवेना. पाच वर्षं जी मुलगी कॉफी ओतत होती ती इथे पानंच्या पानं बोलत होती.

जिल्दाऊने लिहिलं होतं: आई कबरीपाशीसुद्धा बोलत असते. फुलं सारखी करते, शेवाळ खरवडते. मला नुसतं उभं राहायचं असतं.

पुढच्या रविवारी वीत्स्के कबरीपाशी नुसती उभी राहिली. शेवाळाकडे बघून तिचे हात शिवशिवत होते, ते तिने कोटाच्या खिशात कोंबले. परत निघताना पोरीने त्या खिशात आपला हात घातला. घरापर्यंत काढला नाही.

जिल्दाऊने लिहिलं होतं: आईचं वाटाण्याचं सूप चांगलं असतं, पण बाबा करायचा तेव्हा नेहमी बुडाला लागायचं, विसरायचा ढवळायला. तो वास आता घरात येत नाही.

एका शनिवारी माझ्या नाकात करपल्याचा वास शिरला. मी कुंपणावरून हाक मारली, "वीत्स्के, बूड लागतंय तुझ्या पातेल्याचं."

"लागू द्या."

"अगं, सॉसेज फुकट जाईल."

"शेजारीबुवा, नाक आत घ्या."

मला वाटलं, बाई बिघडली. जिल्दाऊ बाहेरून आली, दारातच थांबली, आणि तिने डोळे मिटून श्वास घेतला, ते मी बघितलं. त्या दिवशी ती दोनदा सूप घेऊन जेवली. त्या हिवाळ्यात त्यांच्या उघड्या खिडकीत मला दोघी एका सोफ्यावर बसलेल्या दिसायला लागल्या. पोरगी हसायला लागली. बेकरीवालीसुद्धा म्हणाली, वीत्स्केच्या घरी बर्फ वितळलंय.

आणि एक गोष्ट जिल्दाऊने लिहिली होती, एकदाच. आईने मला बाबाला कॉफी नेऊन द्यायला सांगितलं होतं. शेडमधला आवाज थांबला ते मी ऐकलं. पण माझा डाव चालू होता. मी डाव संपवला आणि मग गेले.

वीत्स्केने ते कामावर, पडद्यांसमोर बसून, डबा खाता खाता वाचलं. पडद्यावर एका होडीने तीनदा भोंगा वाजवला, तरी तिचा हात हलला नाही. रिन्स नावाच्या सहकाऱ्याने तिच्या अंगावरून वाकून बटण दाबलं.

तिला धावत घरी जाऊन पोरीला छातीशी धरायचं होतं, पण कशाबद्दल, हे सांगायची सोय नव्हती. म्हणून तिने काही दिवस जाऊ दिले. मग एकदा भांडी पुसता पुसता, सहज निघाल्यासारखं म्हणाली, "तुझ्या बाबाच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले, तुला मी कधी सांगितलंच नाही बघ. म्हणाले, क्षणात गेला. शेजारी कुणी असतं तरी उपयोग नव्हता."

जिल्दाऊच्या हातातली बशी तशीच राहिली. "म्हणजे पाच मिनिटं आधी कुणी गेलं असतं तरी?"

"तरी."

पोरगी ओट्याशी खाली बसली आणि रडली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. वीत्स्के तिच्याशेजारी फरशीवर बसली. खिडकीतून मला फक्त त्यांची दोन टाळकी दिसत होती, म्हणून मी आरशाकडे पाठ केली. आश्चर्य वाटेल, पण केली.

एप्रिलमध्ये माझा वाढदिवस असतो. आमच्याकडे वाढदिवस एकट्या माणसाचा नसतो. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडायच्या, कॉफी आणि केकचा एकच तुकडा द्यायचा, दुसरा मागणाऱ्याची वर्षभर चर्चा करायची. आणि आलेल्या माणसाने फक्त वाढदिवसवाल्याचं नाही, तर गोलात बसलेल्या एकूण एकाचं हात हातात घेऊन अभिनंदन करायचं. बहिणीला म्हणायचं, भावाबद्दल अभिनंदन. मेव्हण्याला म्हणायचं, मेव्हण्याबद्दल अभिनंदन. ज्याच्या माणसाचा वाढदिवस, त्याचंही अभिनंदन. पश्चिमेकडच्या हॉलंड प्रांतातले पाहुणे हसतात, पण आम्हाला ते श्वासासारखं आहे. आणि वीत्स्के त्यात पटाईत. सबंध गावात कुणाचा वाढदिवस कधी आणि त्याबद्दल कुणाकुणाचं अभिनंदन करायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारावं.

त्या दिवशी ती कामावरून थेट आली. जिल्दाऊ आधीच येऊन मला केक कापायला मदत करत होती आणि बशी घेऊन गोलाच्या शेवटच्या खुर्चीवर टेकली होती. वीत्स्के दारापासून सुरू झाली, हसत, थंडीने गाल लाल.

"फ्राउक्येताई, भावाबद्दल अभिनंदन. हेस्सेल, मेव्हण्याबद्दल अभिनंदन, पोट सांभाळा. बाउक्ये, मामाबद्दल. तुझंही, बाळा, मामाआजोबांबद्दल." असं करत करत ती लेकीपाशी आली, वाकली, तिच्या गालाला गाल लावले आणि त्याच दमात म्हणाली, "शेजारीबुवांबद्दल अभिनंदन, राणी. आणि लीवेनबद्दलही."

त्या दिवशी लीवेनचाही वाढदिवस होता. जिल्दाऊने त्याला सकाळीच शुभेच्छा लिहिल्या होत्या, आणि वीत्स्केने त्या बसमध्ये वाचल्या होत्या. तिच्या जिभेने फक्त आपला धर्म पाळला. आपल्या मुलीच्या माणसाचा वाढदिवस, मग मुलीचं अभिनंदन नको?

"लीवेन कोण गं?" माझी बहीण फ्राउक्ये म्हणाली. तिचे कान माझ्यासारखेच.

जिल्दाऊ आईकडे बघत होती. बशीतला केक तिने हळूच शेजारच्या टेबलावर ठेवला, कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेली. वीत्स्के तिच्यामागे. माझ्या दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात ताटं सरकवायला भिंतीत एक झडप आहे. ती नीट लागत नाही. दुरुस्त करायचं म्हणून मी कधीपासून म्हणतोय.

"केव्हापासून?" जिल्दाऊचा आवाज अगदी साधा होता.

"इथे नको गं. माणसं बसलीत."

"माणसांना मी काही विचारलं नाही. केव्हापासून?"

"शाळेत ती सभा झाली ना. तेव्हापासून."

"सगळं वाचलंस?"

"काळजी वाटत होती मला."

"सगळं?"

"हो."

नळ सुरू झाला. कप विसळल्याचा आवाज.

"म्हणजे सूपसुद्धा."

कप ओट्यावर उपडा ठेवल्याचा आवाज.

"मला वाटलं, तुझं तुला आठवलं," जिल्दाऊ म्हणाली. "वास आला तेव्हा मला वाटलं, आईलाही बाबा आठवतो. माझ्यासारखाच. मी लीवेनला लिहिलं होतं तसं. तेही वाचलं असशील."

"मला आठवतोच गं तो. रोज आठवतो."

"आणि लीवेनने त्याच्या आईचं लिहिलेलं? ती शेवटी त्याला ओळखत नव्हती ते? ते त्याने फक्त मला सांगितलं होतं."

"त्याचं मी कुणाला बोलले नाही."

"मला बोललीस ना आत्ता. केकबरोबर."

नळ बंद झाला. आमच्या गोलात कुणी चमचासुद्धा हलवत नव्हतं. हेस्सेलने एकदा खोकायचं ठरवलं आणि मग सोडून दिलं.

"डॉक्टर तसं म्हणाले होते?" जिल्दाऊने विचारलं. आता मात्र तिचा आवाज हलला. "क्षणात गेला, असं? की मी डाव संपवल्याचं वाचून तू ते रचलंस?"

"म्हणाले होते. देवाशपथ म्हणाले होते, जिल्दाऊ."

"मला आता ते कसं कळणार?"

 

पोरीने कप पुसून ठेवले. बाहेर येऊन गोलातल्या प्रत्येकाचा रीतसर हात हातात घेऊन निरोप घेतला. मला म्हणाली, "शेजारीबुवा, केक छान होता." आणि गेली.

वीत्स्केने त्याच संध्याकाळी तिच्यासमोर तो प्रोग्रॅम काढून टाकला. स्वतःचा फोन तिच्या हातात देत म्हणाली, "घे, माझं सगळं वाच. काहीही वाच." जिल्दाऊने तो टेबलावर ठेवला. "मला नाही वाचायचं," म्हणाली.

लीवेनला जिल्दाऊने सगळं कळवलं. लपवणं तिच्यात नव्हतं. त्याने एकदाच उत्तर दिलं: तुझी आई वाईट नसेल, पण आता लिहायला बसलो की खांद्यामागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मग त्याचं लिहिणं बंद झालं. पाऊसही बंद झाला. वीत्स्के दाराबाहेर उभी राहायची, आत टकटक नाही.

मे महिन्यात जिल्दाऊने हार्लिंगनच्या बाजारातून जाड निळं कापड आणलं, स्वतः शिवलं आणि आपल्या खोलीच्या खिडकीला पडदा लावून ओढून घेतला. रस्त्याच्या दर्शनी भागात ओढलेला पडदा! गावात आग लागली असती तरी इतकी चर्चा झाली नसती. आणि शाळेला जायला तिने पूल सोडला. पुलावर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे आई. ती बांधावरून लांबच्या दगडी पुलाने जायला लागली, समोरून वारा, कधी गारा, दुपटीहून लांब वाट. शहरात बसून वीत्स्के रोज सकाळी पूल बघायची. बेकरीवाल्याची गाडी जायची, शाळेची पोरं जायची, एक लाल सायकल तेवढी जायची नाही.

मला राहवलं नाही. एकदा जिल्दाऊ खिडकीखालून जाताना मी हाक मारली. "पोरी, डॉक्टरांचं खरं आहे. मी तिथे होतो. माझ्या कानांनी ऐकलंय."

ती सायकल धरून थांबली. बघत राहिली माझ्याकडे, तुच्छतेने नाही, जरा कनवाळूपणेच. "शेजारीबुवा, तुम्ही एक सांगायचं तर तीन सांगता. आईच म्हणते."

"हे एकच आहे गं. एकाचं एकच."

"असेल," ती म्हणाली.

डॉक्टरांना विचारावं तर ते आदल्या वर्षीच वारले होते. जन्मभर मी गावाला गोष्टी सांगून हसवलं, त्यातल्या अर्ध्या वाढवून. जी एक जशीच्या तशी होती, ती घ्यायला कुणी नव्हतं.

"आणि माझ्या आरशाचा राग नाही का येत तुला?" मी विचारलं. वातावरण हलकं करायला.

"तो बाहेर लावलाय तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही बघताय हे मला माहीत असतं. केस नीट करून जाते मी." आणि बांधाच्या दिशेने गेली.

दोन वर्षं अशी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. जिल्दाऊ वेळेवर जेवायची, भांडी पुसायची, आईच्या वाढदिवसाला फुलं आणायची. वीत्स्के सूप करायची, तेव्हा आता सारखं ढवळत राहायची, बूड लागू नये म्हणून. विचारलं तर म्हणायची, "लागलं तर तिला वाटेल मुद्दाम केलं." एकदा खरंच चुकून लागलं, तर तिने सगळं पातेलं माझ्याकडे आणून दिलं.

मग ख्रोनिंगनला शिकायला जायचा दिवस आला. ऑगस्टची स्वच्छ सकाळ, वारा जोराचा. सामान आधीच गेलं होतं, जिल्दाऊ स्टेशनपर्यंत सायकलनेच जाणार होती. वीत्स्केने रजा घ्यावी असं मी तीनदा सुचवलं. "नको," ती म्हणाली. "मी दारात उभी राहिले की तिला मागे बघावं लागेल." दोघींनी पहाटे दारात तीनदा गालाला गाल लावले, वीत्स्के कामाची बस धरून गेली. आणि कामावर पोचल्यावर रिन्सला म्हणाली, "आज आमच्या गावचा पूल तू घे. मला ती बाजू दिसायला नको." तिने आपली खुर्ची फिरवून घेतली, पलीकडच्या पडद्यांकडे तोंड करून. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपला पूल बघायचं नाकारलं. लेकीला जाताना तेवढं एक द्यायचं असं तिच्या मनात होतं.

मी खिडकीत होतो. जिल्दाऊ बाहेर पडली, बांधाकडे वळली. थोडी गेली. थांबली. मग सायकल फिरवली आणि पुलावर आली.

पुलाच्या मधोमध तिने एक पाय टेकला. वर खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, चांगलं बघितलं, आणि हात वर केला. थोडा वेळ तसाच धरला. मग गेली.

दुपारी रिन्सने वीत्स्केला सांगितलं. तो सरळ माणूस, आहे तेवढंच सांगतो. "तुझी पोरगी गेली पुलावरून. हात वर केला होता. टोपी धरत असेल, वारा होता."

"कुठला हात?" वीत्स्केने विचारलं.

"ते काही लक्षात नाही बुवा. बघायचं असेल तर कॅमेऱ्यात साठवलेलं काढून देतो, पुसलं जायला अजून काही दिवस आहेत."

"नको," ती म्हणाली. रोज त्या इमारतीत जात होती, रोज त्या चित्रापासून दोन टेबलं लांब बसत होती, आणि एके दिवशी ते आपोआप पुसलं गेलं.

नंतरच्या शनिवारी ती माझ्याकडे आली. मी तिला सगळं सांगितलं. बांधाकडे वळली होती, परत फिरली, मधोमध थांबली. डावा हात होता. टोपी नव्हतीच, केस उडत होते सगळे. मी काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

वीत्स्के ऐकत होती. ऐकून झाल्यावर माझ्या मनगटावर तिने हलकेच थोपटलं.

"तुम्ही फार चांगले आहात, शेजारीबुवा," ती म्हणाली, आणि किटली उचलून माझ्या कपात कॉफी ओतली.